बेबीनंदाची वरकमाई

हसनाबादच्या स्टँडवर जाफराबादची गाडी उभी राहिली, की तिकिटासाठी पुढं आलेल्या हातांत कधीकधी एक हात वेगळाच असतो. त्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, बैलाच्या गळ्यातली घंटी असते. कंडक्टर बेबीनंदा फदाट आधी सगळ्यांची तिकिटं काढते. मग फडकं सोडते, घंटी कानाजवळ नेऊन एकदाच हलवते आणि आवाज पुरता विरेपर्यंत डोळे मिटून उभी राहते. ड्रायव्हरला ही सवय माहीत आहे. तेवढ्या वेळात तो खाली उतरून पुढची काच पुसून घेतो.

"काय म्हणता, मामा? किती?"

"तूच सांग बाई. भंगारवाला तीनशे म्हणून राह्यला."

"आवाज चांगलाय. साडेतीनशे देईन. पण आज न्हाई. दहा तारखेनंतर आणा."

"पैसे मागून दे. घंटी ठिव आत्ताच."

"उधार बिलकुल न्हाई, मामा. दहाच्या नंतर."

आणि फडकं पुन्हा बांधून घंटी मालकाच्या हातात जाते. गाडीत कुणी नवखा असेल तर त्याला नवल वाटतं. सरकारी नोकरीसारखी नोकरी, गळ्यात नोटांनी भरलेली बॅग, आणि बाईजवळ साडेतीनशे रुपये नाहीत? बॅगेतले पैसे महामंडळाचे. पगार घराचा. घंट्यांचे पैसे तिसरेच, आणि ते दहा तारखेला येतात. नेहमीच्या प्रवाशांना हे आता इतकं पाठ झालंय, की नवख्याला तेच समजावून सांगतात.

बेबीनंदाला हा नाद लागला तो नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. माहेर टेंभुर्णीचं, बारावीनंतर लग्न होऊन जाफराबादला आली, नवरा माऊली कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला. मुलगी यशश्री तीन वर्षांची असताना तिची एसटीत भरती झाली. एकदा भोकरदनच्या स्टँडमागे भंगाराच्या गाड्यावर तिला लोखंडी पत्र्यांच्या ढिगात एक काशाची घंटी दिसली. हातात घेतली तर आतला लोळा शाबूत. तिनं ती वाजवली. दिवसभर डिझेलच्या इंजिनाचा आणि खडखडणाऱ्या खिडक्यांचा आवाज ऐकलेल्या कानात तो एक सूर असा काही उतरला, की तिनं भाव न करता एकशे ऐंशी रुपये काढून दिले. ते पैसे गॅसच्या टाकीचे होते.

टाकी संपली तेव्हा घरी सगळं उघड झालं. पुढचे काही दिवस स्वयंपाक चुलीवर झाला. सासू झुंबरबाई धुरानं डोळे पुसत भाकरी थापत राहिली, पण पहिल्या दिवशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घंटी घेऊन ओट्यावर बसली. वाजवून पाहिली, उलटी करून पाहिली, पदरानं पुसली.

"चांगलीये," ती म्हणाली. "अशीच अजून घ्यायची हाये का तुला?"

बेबीनंदा खाली मान घालून म्हणाली, "मिळाली तर घ्यावी वाटंल, आत्याबाई."

"मंग घे. हौसेला कोणाची बंदी न्हाई. पण हौसेचा पैसा घराच्या पैशात कालवायचा न्हाई. पगार तुझा आला तसा इथं ठिवायचा. त्याच्यावर जे तू कमावशील, ओव्हरटाइम म्हण, शिवण म्हण, त्यात अर्धा पोरीच्या शिक्षणाचा, अर्धा तुझा. तुझ्या अर्ध्यात घंटी घे न्हाईतर सोनं घे, मी इचारनार न्हाई."

असं बोलून झुंबरबाईनं तुपाचा एक रिकामा डबा घासूनपुसून सुनेच्या हातात दिला. तेव्हापासून तो डबा फळीवर आहे.

आगारातल्या बायका तिला चिडवायच्या. "कंडक्टरला वरकमाई लागते बाई, तुला तर सासूनंच परवानगी दिली!" वरकमाई म्हटलं की आपल्याकडं माणूस डोळा मिचकावतो. बेबीनंदा हसून म्हणायची, "हो, माझी वरकमाई सुईदोऱ्याची." साप्ताहिक सुट्टीला ती ब्लाउज शिवायची. लग्नसराईत रात्रीचं जेवण आटपलं की मशीन सुरू व्हायची आणि यशश्री तिच्या पायाशी बसून हुकं लावून द्यायची. यात्रा-जत्रांच्या जादा गाड्या निघाल्या की बेबीनंदा स्वतःहून नाव द्यायची. एखाद्या महिन्यात डब्यात आठशे पडायचे, एखाद्यात दोनशे. ज्या महिन्यात काहीच पडलं नाही, त्या महिन्यात ती घंटी नुसती वाजवून परत करायची.

तिचा स्वतःचाही एक नियम होता. तो झुंबरबाईनं घातलेला नव्हता. फुकट घंटी घ्यायची नाही. हसनाबादजवळच्या एका वस्तीवरच्या उषाबाईनं एकदा घरातली बारीक घंटी आणून तिच्या हातात कोंबली. बैल गेले, गोठा पाडला, आता हिचं काय करू, म्हणाली. बेबीनंदानं अकरा रुपये तिच्या मुठीत ठेवले. उषाबाई रागावली. "मी इकायला आणली का?"

"तुम्ही इकली न्हाई, पण मी तर घेतली ना," बेबीनंदा म्हणाली. "फुकट आणलेली घंटी मला माझी वाटत न्हाई, मावशी."

असं करत करत घरात घंट्या वाढल्या. माऊलीनं जिनिंगच्या वर्कशॉपमधून एक जुना पाइप विकत आणून घंट्या टांगायला समोरच्या खोलीत आडवा बसवून दिला, मग दुसरा, मग तिसरा. जालन्याची ड्यूटी लागली की जेवणाच्या सुट्टीत ती मूलचंदशेठच्या दुकानात जायची. मूलचंदशेठचं भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं, राजस्थानातून आलेलं घर. मोडीच्या पितळेत एखादी घंटी आली की ते बाजूला काढून ठेवायचे आणि मोडीच्या भावावर थोडंसं चढवून तिला द्यायचे. "बाई, तुम्ही आमच्या सर्वांत छोट्या गिऱ्हाईक," ते म्हणायचे, "पण सर्वांत पक्क्या."

अशातच तिनं तातेरावांची जोडी पाहिली.

तातेराव हसनाबादचे जुने शेतकरी. एके काळी त्यांच्या बैलजोडीची चर्चा भोकरदनच्या बाजारापर्यंत असायची. मुलांनी ट्रॅक्टर घेतला, बैल म्हातारे झाले, एका उन्हाळ्यात तातेरावांनी ते विकले. पण त्यांच्या गळ्यातल्या दोन मोठ्या घंट्या त्यांनी खोलीतल्या खुंटीवरून काढल्या नाहीत. कोरोनानंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, त्या साली ते बेबीनंदाला म्हणाले, "तू घंट्या घेती म्हणं. माझ्याकडची पाहून जा एकदा."

सुट्टीच्या दिवशी ती गेली. घंट्या नारळाएवढ्या, एकाच ओतकामाच्या. एक जाड आवाजाची, दुसरी जरा वरच्या सुरातली. तातेरावांनी एक हलवली आणि तिचा आवाज हवेत असतानाच दुसरी. जाड आवाजात बारीक आवाज असा मिसळला, जसा एखादा माणूस पुढून हाक मारतो आणि मागचा चालता चालता 'ओ' देतो. बेबीनंदा खाली बसली. इतक्या वर्षांत इतकं भरलेलं काशाचं काम तिनं पाहिलं नव्हतं.

"किती, बाबा?"

"बारा हजार."

तिनं जाड आवाजाच्या घंटीवरून बोट फिरवलं.

"बैल मी पडत्या भावानं इकले," तातेराव म्हणाले. "पोरं म्हणली, जल्दी करा, चाऱ्याचा खर्चा वाढून राह्यला. दिले. त्याचं मला अजून लागतंय. घंट्या न्हाई द्यायचो तशा. बारा म्हणजे बारा."

"बराबर हाये," बेबीनंदा म्हणाली. "त्याच्या खाली देऊबी नका. पण माझ्या डब्यात आता दोन हजार हायेत. तुम्ही थांबाल का?"

"मला कुठं जायचंय? थांबतो."

त्या दिवसापासून तिनं दुसऱ्या घंट्या घेणं जवळजवळ बंद केलं. मूलचंदशेठनी बाजूला काढलेली एक चांगली घंटी तिनं मन घट्ट करून परत केली. कारण कळल्यावर शेठ गल्ल्यातून हात न काढताच म्हणाले, "एवढंच ना? मी देतो बारा. जोडी आजच घेऊन या. माझे हप्त्या-हप्त्यानं द्या, व्याज नको. तुम्ही बुडवणाऱ्यातल्या नाही."

ती दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली. नंतर तिनं घरी सांगितलं, की त्या दिवशी पहिल्यांदा तिला झुंबरबाईचा राग आला होता. व्याज नाही, घाई नाही, माणूस भला. काय बिघडलं असतं? पण हप्ता म्हणजे ज्या महिन्यात डब्यात काही पडणार नाही, त्या महिन्यात घराच्या पैशाला हात लागणार, हे तिला ठाऊक होतं.

"न्हाई शेठ," ती म्हणाली. "माझं माझ्या चालीनं होऊ द्या."

डबा सहा हजारांवर गेला आणि एसटीचा संप सुरू झाला. पाच महिने पगार नाही. बेबीनंदा कापूस वेचायला गेली, मिळतील तेवढे ब्लाउज शिवले. माऊलीला हंगाम होता म्हणून चूल पेटत राहिली. पण त्याच हिवाळ्यात यशश्रीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली, आणि तिच्या वाट्याचे पैसे पुरेनात. एका सकाळी बेबीनंदानं फळीवरचा डबा काढला आणि सगळा झुंबरबाईपुढं उपडा केला.

झुंबरबाईनं नोटा मोजल्या नाहीत. नुसत्या सरळ केल्या. "हे तुझे पैसे हायेत. घर उसने घेऊन राह्यलंय," ती म्हणाली. "गाड्या चालू झाल्या की घर फेडंल."

संप मिटला, पगार सुरू झाला, आणि झुंबरबाईनं खरोखरच घरखर्चातून दर महिन्याला थोडे थोडे पैसे काढून डब्यात टाकायला सुरुवात केली. बेबीनंदा नको म्हणायची. म्हातारी ऐकायची नाही. "तू घराचा पैसा कधी घेतला न्हाई. मंग घरानं तुझा कसा ठिवून घ्यावा?"

तातेरावांना तिनं जाऊन सांगितलं, की वेळ लागेल. त्यांनी विचारलं, "मंग पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून, बाबा."

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ती त्यांच्याकडं जायची. जोडी वाजवून पाहायची, अजून इतके कमी आहेत म्हणून सांगायची, चहा पिऊन परत यायची. तातेरावांची सून त्या चहाला 'घंट्यांचा चहा' म्हणायची.

हे असं चालू असताना आगारात कुजबुज सुरू झाली. कुणी सुरू केली ते कधीच कळलं नाही. फदाटबाईच्या घरात पितळेचं दुकान मांडलंय म्हणे. कंडक्टरच्या पगारात एवढं होतं का? महिलांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांना फुकट, तिकिटांचा घोळ करायला आता जागा किती! बेबीनंदानं एकदा उपाहारगृहात हे पाठीमागून ऐकलं. ती ताट तसंच ठेवून उठली. घरी आल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, काढून टाकू का घंट्या?"

"काहून?" झुंबरबाई म्हणाली. "चोरी केली का?"

मग जूनमध्ये एका सकाळी हसनाबाद सोडून गाडी फाट्यावर आली आणि पुढं तपासणी पथकाची जीप आडवी उभी दिसली. दोघेजण चढले. तरुण होता तो प्रवाशांची तिकिटं पाहत मागं गेला. दुसरे साहेब वयस्कर, चष्म्याचे, शांत. त्यांनी बेबीनंदाची बॅग घेतली, तिकिटाच्या मशीनमधला आकडा पाहिला, नोटा मोजल्या, चिल्लर मोजली. ड्यूटीवर निघताना कंडक्टरनं स्वतःजवळची रक्कम लिहून द्यायची असते. तिनं दोनशे लिहिले होते, दोनशेच निघाले. मशीनचा हिशेब रुपयाला रुपया जुळला.

"हिशेब बरोबर आहे," साहेब म्हणाले. बॅग मात्र त्यांनी परत दिली नाही. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय. निनावी आहे, पण आला म्हणजे विचारावं लागतं. तुमच्या घरी पितळेच्या घंट्या आहेत. शंभरावर, असं लिहिलंय."

"सत्त्याऐंशी हायेत, साहेब."

"त्यांना पैसे कुठून आले?"

आवाज कितीही खाली आणला तरी उभ्या गाडीत तो लपत नाही.  मागच्या सीटवर एका बाईनं रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. पंधरा वर्षांत बेबीनंदाला असं कुणी विचारलं नव्हतं. तरी तिनं सांगितलं. पगार घरी जातो. ओव्हरटाइम आणि शिवण, त्यातला अर्धा मुलीचा, अर्धा आपला. त्या अर्ध्यातल्या घंट्या.

"पावत्या आहेत का घेतलेल्या?"

"शेठकडच्या असतील, साहेब. बाकीच्या खेड्यातल्या माणसांकडून घेतल्यात. त्यांची कुठली पावती?"

"मग पुरावा काय?"

तेव्हा पुढच्या सीटवरून काठी आपटल्याचा आवाज आला. तातेराव त्या दिवशी डोळ्याच्या औषधासाठी जाफराबादला निघाले होते. ते उठून उभे राहिले, एका हातानं दांडी धरली.

"पुरावा माझ्या घरी खुंटीला टांगलाय, साहेब."

साहेबांनी मान वळवली. "म्हणजे?"

"घंट्याची जोडी. बारा हजाराची. तीन साल झाले, ही बाई ती घ्यायला पाहून राह्यली. येती, वाजवून पाहती, अजून इतके कमी हायेत म्हणती आन् जाती. म्या म्हणलं, घेऊन जा, पैसे मागून दे. न्हाई म्हणती. मधी संपात हिचा सगळा डबा रिकामा झाला. पुन्हा पहिल्यापासून जमा करून राह्यली." तातेरावांना दम लागला, पण ते बसले नाहीत. "मला सांगा साहेब, हिला जर वरकमाई असती, तर ती जोडी आज माझ्या खुंटीला राह्यली असती का?"

मधल्या सीटवरचा एक जण म्हणाला, "मला तर साडेतीनशेसाठी दहा तारखेनंतर ये म्हणली ही." गाडीत हसू फुटलं. मागून एका बाईनं हाक दिली, "आन् माझ्या पोरीच्या ब्लाउजची शिलाई अजून माझ्याकडंच हाये साहेब, ती बी लिवून घ्या!" मग काय, जो तो बोलायला लागला. कुणी किती रुपयांची घंटी विकली, कुणाला तिनं किती वेळा परत पाठवलं. तरुण अधिकारी तिकिटं पाहायचं सोडून ऐकत उभा राहिला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि बॅग दोन्ही हातांनी बेबीनंदाच्या हातात दिली. "अर्जात तथ्य नाही, असं लिहिलंय," ते म्हणाले. उतरता उतरता पायरीवर थांबून त्यांनी तातेरावांकडं पाहिलं. "बाबा, जोडी दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"तीन साल दिली न्हाई, आता कोणाला देतो?"

जीप निघून गेली. बेबीनंदानं दोरी ओढून डबल बेल दिली. त्या दिवशी ती बसली नाही. गाडीत जागा होती, तरी सबंध रस्ताभर ती दाराजवळ ताठ उभी होती.

घरी सगळं सांगून झाल्यावर झुंबरबाईनं एकच विचारलं, "रडलीस का तिथं?"

"न्हाई."

"बराबर केलं," म्हातारी म्हणाली आणि स्वतः मात्र पदर डोळ्याला लावून आत गेली.

दुसऱ्या आठवड्यात तातेरावांचा निरोप आला. डब्यात असतील तेवढ्यात जोडी घेऊन जा. बेबीनंदा गेली. डब्यात साडेनऊ हजार होते.

"नऊच दे," तातेराव म्हणाले. "माझं बैलाचं दुखणं त्या दिवशी गाडीत निघून गेलं. आता कमी घेतले तरी मला लागायचं न्हाई."

"न्हाई, बाबा. तुम्ही चारचौघांत साहेबाला बारा हजाराची जोडी म्हणलात. आता मी नऊला घेतली, तर तुमचंबी खोटं आन् माझंबी."

तातेराव मोठ्यांदा हसले आणि सुनेला म्हणाले, "घंट्यांचा चहा टाक ग. हिला अजून अडीच हजार लागत्यात."

श्रावणातली एकही जादा गाडी तिनं सोडली नाही. ब्लाउज इतके शिवले, की यशश्री सुट्टीत घरी आली तेव्हा तिला बसायला कापडांतून जागा करावी लागली. पोळा आठवड्यावर आला असताना बेबीनंदानं बारा हजार रुपये तातेरावांच्या हातात मोजून दिले. त्यांनी स्वतः खुंटीवरून जोडी काढली, कपाळाला लावली आणि तिच्या ओटीत ठेवली.

"एक मागू का?" ते म्हणाले. "या पोळ्याला ही जोडी कोणाच्या तरी बैलाला बांधू दे. माझ्या दारात बैल न्हाई. पण गावात हायेत अजून थोडे. त्यांच्या गळ्यात नायलॉनची दोरी अन् प्लास्टिकची फुलं. पोळा मुका होऊन बसला."

"जोडीच काहून," बेबीनंदा म्हणाली. "सगळ्याच आणते."

पोळ्याच्या दिवशी तिनं रजा टाकली. मोठ्या घंट्या एका पोत्यात, बारीक दुसऱ्यात, मधे चिंध्या भरलेल्या. सोबत झुंबरबाई, माऊली आणि यशश्री. त्या गाडीवर तिच्याच आगारातला कंडक्टर होता. पोती पाहून तो म्हणाला, "चला ताई, बसा, तुमचं काय लगेज घ्यायचं?"

"लगेज काट," ती म्हणाली. "दोन्ही पोत्यांचं."

दुपारभर हसनाबादच्या मारुतीच्या पारावर घंट्या वाटणं चाललं. कोणत्या बैलाला कोणती, हे ती स्वतः ठरवत होती. बैलाच्या मानेला हात लावून, चाल पाहून, घंटी वाजवून. म्हातारी माणसं भोवती जमून सल्ले देत होती, आणि ती कधी ऐकत होती, कधी नाही. तातेरावांची जोडी तिनं एका तरुण शेतकऱ्याच्या खिल्लारांना बांधली. त्याच्याकडं ट्रॅक्टर होता, तरी बैल ठेवले होते.

ऊन कललं तसे बैल वेशीकडून निघाले. आधी गोंगाटात काही कळलं नाही. मग पहिली जोडी वळणावर आली, तिच्या मागं दुसरी, तिसरी, आणि सगळा रस्ता आवाजानं भरून गेला. जाड आवाज, किनरे आवाज, मधले, एकमेकांना ढकलत, सांभाळत, पुढं सरकत. घराघरांतून बाया ओट्यावर आल्या. बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तातेराव पाराच्या कडेला उभे होते. त्यांची जोडी समोरून गेली तेव्हा त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

बेबीनंदा त्यांच्या शेजारी होती. तिनं त्या घंट्या एकेक करून ऐकल्या होत्या, घरात खिडकीतून वारा आला की दहा-बारा मिळून ऐकल्या होत्या. चालत्या बैलांच्या गळ्यात सगळ्या एकदम तिनंही पहिल्यांदाच ऐकल्या. यशश्रीनं मोबाइल उंच धरून चित्रण करता करता आईकडं पाहिलं. आई दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान वर करून उभी होती, जसा एखादा शेतकरी भरलेल्या रानाच्या बांधावर उभा राहतो.

तोरणाखाली बैल थांबले, मंगलाष्टकं झाली. माइकवरचा माणूस म्हणाला, "आजच्या पोळ्याच्या सगळ्या घंट्या जाफराबादच्या कंडक्टरबाईंनी आणलेल्या आहेत, त्यांचे आभार."

झुंबरबाई बायांमधून उठली. गुडघे दुखत असताना गर्दी सारत पारापर्यंत गेली आणि माइकवाल्याचा सदरा धरून म्हणाली, "कंडक्टरबाई म्हंजे कोण? नाव न्हाई का तिला?"

"काय नाव, आजी?"

"बेबीनंदा माऊली फदाट. माझी सून हाये. बराबर घे." माइकवाला वळणार तेवढ्यात तिनं पुन्हा सदरा ओढला. "आन् सगळ्या तिच्या स्वतःच्या कमाईच्या हायेत. ते बी सांग. मोठ्यानं सांग."

त्यानं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. तोवर सबंध गाव झुंबरबाईचं बोलणंच माइकमधून ऐकून चुकलं होतं, त्यामुळं टाळ्या दोनदा पडल्या. बेबीनंदानं तोंडावर पदर घेतला, पण हसू पदरात मावत नव्हतं.

दिवेलागणीला घंट्या परत आल्या, गुलालानं माखलेल्या, पुरणाचा वास लागलेल्या. एक कमी भरली. ती सोमवारच्या गाडीत परत आली, एका शेतकऱ्याच्या बायकोच्या हातून, चार पुरणपोळ्यांसोबत. बैल रानात पळाला होता, त्याला धरता धरता उशीर झाला, एवढंच.

यंदा टेंभुर्णीकरांचाही निरोप आला आहे, की पोळ्याला घंट्या आमच्याकडं आणा. बेबीनंदाचं ते माहेर, त्यामुळं नाही म्हणणं अवघड. पण पोळा सगळीकडं एकाच दिवशी, आणि झुंबरबाईच्या मते शब्द आधी हसनाबादला दिलेला. अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं नेल्या तर आवाज तुटेल, असं बेबीनंदाचं म्हणणं. सध्या रोज जेवताना सासूसुनांची यावर वादावादी चालू आहे, आणि माऊली दोघींच्या मधे बसून मुकाट्यानं भाकरी मोडतो.